मधल्या खांबाखाली

इन्व्हरफारा, ३ मे १८२०

प्रिय निनियन,

आई गेली. मार्चच्या अकराव्या दिवशी, सकाळी. डोंगरावर अजून बर्फ होतं. कबर खणताना वरचा थर पहारीने फोडावा लागला. बाबांच्या शेजारी ठेवलं तिला. फार हाल झाले नाहीत. शेवटचे चार दिवस ती नुसती झोपूनच होती.

ही बातमी माझ्याकडून कळावी असं तुला वाटलं नसतं. पण आता घरातलं दुसरं कोण आहे कळवायला?

तुझा पत्ता कसा मिळाला ते सांगतो. दुकानदार मॅकिनिसची मुलगी मार्सली नवऱ्याबरोबर अप्पर कॅनडात गेली, ते तुला माहीत असेल. तिने बापाला लिहिलं की आमच्या झोपडीचं धुराडं डाव्या हाताचा अंगठा नसलेल्या एका गिलीसने बांधून दिलं, आणि ते अजिबात धूर कोंडत नाही. मॅकिनिसने ते पत्र चर्चबाहेर सगळ्यांना वाचून दाखवलं. पुढची वाक्यं मला ऐकू आली नाहीत.

आई तुझ्या पत्राची वाट बघायची. वर्षातून दोनदा तरी विचारायची, "निनियनचं काही?" मी सांगायचो, समुद्र मोठा आहे, टपाल हरवतं. तू लिहिलं नाहीस की लिहिलेलं पोहोचलं नाही, मला ठाऊक नाही. तुला दोष देत नाही. शेवटच्या आठवड्यात ती मला एक गोष्ट बोलली. ती पुन्हा केव्हातरी लिहीन.

कामाचं विचारशील तर काम भरपूर आहे. या डोंगराळ मुलखात माझे अकरा पूल उभे आहेत. त्यातले नऊ दगडी आहेत. खाली किनाऱ्याला दोन धक्के बांधले. आता गुरं पोहवत न्यावी लागत नाहीत. पूर्वी सात महिने बंद असायचे ते रस्ते आता हिवाळ्यातही चालतात, कारण दोन्ही अंगांना पाणी जायला चर खणायची सक्ती मी केली. तुला यात आनंद वाटेल अशी आशा नाही, तरी लिहिलं.

आणखी एक गोष्ट लिहायची आहे, ती लपवून उपयोग नाही. फारा नदीवर पुन्हा पूल होतो आहे. त्याच जागी. गेल्या शरद ऋतूत नाव उलटून सहाजण बुडाले, त्यात एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं. तेव्हा खोऱ्यातल्या जमीनदारांच्या समितीने ठरवलं आणि काम माझ्यावर सोपवलं. मी नाही म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही.

कामगारांचं जेवण ऊना मॅथेसन करते. इवनची बायको. मी तिच्याच घरी राहतो. बार्लीचं सूप, हेरिंग, ओटची भाकरी. माझ्या ताटात माशाचा मधला तुकडा येतो.

तुझा भाऊ,
टॉर्किल


इन्व्हरफारा, १९ जुलै १८२०

प्रिय निनियन,

यंदा पाऊस नाही. नदी इतकी आटली आहे की म्हातारे सांगतात, असं चाळीस वर्षांत पाहिलं नाही. त्यामुळे मधल्या खांबाचं काम लवकर हाती घेतलं. मेखांचा गोल बांध घातला, आतलं पाणी उपसलं आणि तळ उघडा केला.

जुन्या खांबाचे दगड सापडले. तुझी खूण असलेले तीन. ती उलटी बाणाची खूण, अजून काल कोरल्यासारखी. ते मी बाजूला काढून ठेवायला सांगितले. का, ते कोणी विचारलं नाही.

इथला मुख्य गवंडी डूगल मॅकफेल म्हणून आहे, आयला बेटावरचा. माणूस फटकळ पण हात सोन्याचा. तो तळाशी उतरला, वाकून बघत बसला, मग हातोड्याने ठोकून ऐकलं. वर तोंड करून मला म्हणाला, "मिस्टर गिलीस, जरा खाली या. पायाला चिखल लागेल, पण या."

मी उतरलो.

"हे काय आहे सांगा बरं?" तो म्हणाला.

मी म्हणालो, "खडक."

"खडक कसला! ही धोंड आहे. नदीनेच कधीतरी वरून लोटत आणून टाकलेली. ही बघा कड. खाली वाळू-गोटे. माझा अख्खा हात आत जातो." आणि त्याने खरंच कोपरापर्यंत हात आत घातला. "कुठल्या गाढवाने हिला खडक समजून वर खांब चढवला?"

मग त्याला आठवलं, जुना पूल कोणाचा होता ते. तो कानापर्यंत लाल झाला. मी म्हणालो, "धोंड फोडून काढा. खाली आणखी खणा."

नऊ फूट खाली खरा खडक लागला. आता तीन ठिकाणी भोकं पाडून बघितल्याशिवाय मी कुठेही पाया घालत नाही. इंजिनिअर लोकांत त्याला माझा नियम म्हणतात. एडिनबरोच्या एका सभेत त्यावर माझं व्याख्यान झालं, पुस्तिकाही छापली गेली. तिकडे दक्षिणेतही कालव्यांवर तो पाळतात असं ऐकतो.

तेव्हा असं आहे. मधल्या खांबाखालीच दोष होता, असं आता दिसून आलं. कमानीखालचा आधाराचा लाकडी ढाचा दहा दिवस आधी सैल केला की नंतर, याने काहीच फरक पडला नसता. तुला हे कळायला हवं म्हणून लिहितो आहे.

टॉर्किल


इन्व्हरफारा, २ सप्टेंबर १८२०

निनियन,

मागचं पत्र टपालात टाकलं आणि तेव्हापासून मला ते टोचतं आहे. 'आता दिसून आलं' असं मी लिहिलं. ते खोटं आहे. हे पत्र त्याच्या मागोमाग येईल. दोन्ही एकदम हाती पडली तर हे आधी वाच.

मला त्या वेळीच ठाऊक होतं. खात्री नव्हती म्हणून स्वतःला फसवता येत होतं, इतकंच.

१८०९च्या जूनमध्ये मी तिथे एकच भोक पाडलं. चार फुटांवर पहार खणकन वाजली. मी वहीत लिहिलं, खडक. तू म्हणालास, "दादा, आणखी दोन ठिकाणी घाल. इथे वाजली म्हणजे सगळीकडे वाजेल असं नाही. नदी धोंडे आणते." सगळे कामगार उभे होते. इवन मॅथेसन होता, कॅलम बेन होता. माझा तो पहिला मोठा पूल. धाकट्या भावाने, त्यातून गवंड्याने, चारचौघांत मला शिकवावं हे मला सोसलं नाही. मी काय म्हणालो ते तुला आठवतच असेल. "तू दगड घड, निनियन. खडक मी बघतो." सगळे हसले.

म्हणजे ज्याला माझा नियम म्हणतात, तो तुझा आहे. अकरा वर्षं मी तुझ्या शब्दांवर जगतो आहे.

ऑक्टोबरात पूर आला. ढाचा अजून कमानीखाली होता. पाणी चढलं तर लाकूड वाहून जाईल आणि जाताना खांबाला धडकेल, अशी मला भीती वाटली. मीच तुला म्हणालो, "ढाच्याच्या पाचरी सैल करायला घ्या." तू म्हणालास, "चुना अजून ओला आहे. पण तू म्हणतोस तर करतो." तिघांना घेऊन तू सुरुवात केलीस. मी काठावर होतो. कमान पडायच्या आधी खांब झुकला, निनियन. मी डोळ्यांनी पाहिला. आधी खांब, मग कमान. इवन, कॅलम आणि तो आयरिश फर्गल. तू बाहेरच्या फळीवर होतास म्हणून फक्त अंगठा गेला.

चौकशीत समितीच्या लोकांनी विचारलं, ढाचा सैल करायचा हुकूम कोणाचा? मी म्हणालो, "दहा दिवस थांबायला मी सांगितलं होतं." चर्चमध्येच भरली होती ती चौकशी. तू समोरच्या बाकावर होतास, हाताला फडकं बांधून. तुला विचारलं, यावर काही बोलायचं आहे का? तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने पाहिलंस असं मी इतकी वर्षं मनाशी धरून होतो, कारण राग असता तर सोपं होतं. पण तो राग नव्हता. तू म्हणालास, "नाही, काही नाही."

का नाही बोललास? मी कितीदा विचार केला. आईसाठी असेल. की मी बुडालो तर घर बुडेल, आणि तू गवंडी, तुझं काय, दगड कुठेही घडशील, असं असेल. पण या मुलखात पुन्हा कोणी तुझ्या हातात छिन्नी दिली नाही.

आईने शेवटच्या आठवड्यात जे म्हटलं ते आता लिहितो. डोळे मिटूनच म्हणाली, "तू त्या दिवशी चर्चमध्ये बोललास ना, तो तुझा आवाज नव्हता. लहानपणी दूध सांडून मांजरावर घालायचास, तेव्हाचा होता." मी म्हणालो, "आई, मग तू कधी बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "एक गेलाच होता. दुसऱ्यालाही घालवू?"

मी तुझी क्षमा मागत नाही. मागायला तोंड नाही.

टॉर्किल


इन्व्हरफारा, ५ डिसेंबर १८२०

निनियन,

ऊनाला सांगितलं.

ठरवून नव्हतं. दुपारी काम थंडीमुळे बंद होतं. चुना गोठतो. ती अंगणात बसून हेरिंग साफ करत होती. मी दारात उभा होतो. ती बोलता बोलता म्हणाली, "नवा खांब चांगला दिसतो. तुमच्या भावाला असा बांधता आला असता तर आज माझा इवन असता." हे ती सहज म्हणाली, हवापाण्याचं बोलावं तसं. अकरा वर्षांत तिची जीभ त्या वाक्याला सरावली आहे.

मी म्हणालो, "निनियनने काही केलं नव्हतं." आणि मग सगळं सांगितलं. धोंड, एकच भोक, पाचरींचा हुकूम, चौकशी.

तिचा सुरी धरलेला हात थांबला नाही. तीन मासे झाले. मग म्हणाली, "हे मला आज का सांगितलंत?"

"सहन होईना."

"म्हणजे तुमचं ओझं उतरवायला. माझ्या अंगणात."

तिने पुढचा मासा उचलला.

"तुम्ही सहा महिने माझ्या हातचं खाताय, मिस्टर गिलीस. मधला तुकडा तुम्हाला वाढते मी. का ते माहीत आहे? मला वाटायचं, बिचारा, भावापायी किती सोसलं याने."

मग तिने सुरी खाली ठेवली आणि एक गोष्ट सांगितली. मला ती ठाऊक नव्हती, कारण मी त्या दिवशी इन्व्हरनेसला समितीच्या लोकांबरोबर होतो. ती म्हणाली, इवनच्या अंत्ययात्रेला तू आलास. शवपेटीला खांदा द्यायला पुढे झालास. तिने तुला सांगितलं, माझ्या माणसाच्या पेटीवरचा हात काढ. तू काढलास. मग टोपी हातात धरून पावसात सगळ्यांच्या मागून चालत राहिलास. कबरस्तानाच्या वळणावर तिने मागे वळून दगड मारला. "कानाला लागला त्याच्या," ती म्हणाली. "रक्त आलं. त्याने हातसुद्धा वर केला नाही. मी म्हटलं, बघा, गुन्हेगार आहे म्हणून गप्प आहे."

हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

"सगळ्या गावासमोर मारला मी," ती म्हणाली. "आता तुम्ही सगळ्या गावासमोर सांगा. माझ्या अंगणात नाही. चर्चमध्ये, जिथे खोटं बोललात तिथेच. तोपर्यंत या घरात तुमच्यासाठी ताट नाही."

मी संध्याकाळच्या आत सामान हलवलं. आता कामाच्या जागेवरच्या लाकडी खोपटात राहतो. डूगल त्याच्यातली भाकरी देतो आणि काही विचारत नाही.

खरं लिहायचं तर मी अजून चर्चमध्ये गेलेलो नाही. तीन रविवार झाले. काम पुरं होईपर्यंत थांबावं, असं मनात येतं. दोन्ही कमानी अजून व्हायच्या आहेत. मी गेलो तर काम कोणाच्या हाती पडेल? सबब चांगली आहे. १८०९ सालीही माझ्याकडे चांगल्याच सबबी होत्या.

टॉ.


इन्व्हरफारा, १८ फेब्रुवारी १८२१

प्रिय निनियन,

गेल्या रविवारी गेलो.

पाद्री ग्रँटना आदल्या दिवशी भेटलो होतो. ते म्हणाले, "एवढ्या वर्षांनी? लोकांच्या जखमा उकरून काय मिळणार, मिस्टर गिलीस? देवापाशी एकांतात बोला." मी म्हणालो, ऊना मॅथेसनने जागा नेमून दिली आहे. पापी माणसाला उभं करायचं ते जुनं बाकडं अजून खांबामागे आहे, त्यावर मेणबत्त्यांची खोकी ठेवतात. पाद्रींनी स्वतः खोकी उचलली.

मी बोललो. फार वेळ लागला नाही. अकरा वर्षं छातीवर असलेली गोष्ट सांगायला इतका थोडा वेळ लागतो, याचंच मला नवल वाटलं. कोणी ओरडलं नाही, कोणी उठून गेलं नाही.

कॅलम बेनचा बाप पहिल्या रांगेत होता. ऐंशीच्या पुढचा आहे, कानाने पार बहिरा. त्याने शेजारच्या पुतण्याला मोठ्याने विचारलं, "काय म्हणतोय तो?"

पुतण्या कुजबुजला. म्हाताऱ्याला ऐकू गेलं नाही. "अं?"

"पुलाचं सांगतोय, काका!"

"हां. तो निनियन. हरामखोर."

"निनियन नाही, काका! हाच! याच्यामुळे पडला पूल!"

"कोणामुळे?"

"हा! हा उभा आहे तो!"

पुतण्याला ते तीनदा ओरडून सांगावं लागलं. सगळ्या चर्चमध्ये घुमत होतं. मी बाकड्यावर उभा होतो आणि माझंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून, जास्त सोप्या शब्दांत ऐकत होतो. म्हाताऱ्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "याला तर मी दरवर्षी लोकर पाठवतो." आणि रडायला लागला. मी त्याला तसं कधी पाहिलं नव्हतं, कॅलमच्या अंत्यविधीलाही नाही.

समितीचं पत्र बुधवारी आलं. कामावरून काढलं आहे. किनाऱ्याला तिसऱ्या धक्क्याचं ठरत होतं, तेही गेलं. राहिलेला पूल डूगल पुरा करील. त्याला मी सगळे नकाशे दिले, कमानीची मापं समजावली. तो म्हणाला, "तुमचं नाव पुलावरच्या नावाच्या दगडावर येणार नाही म्हणे." मी म्हणालो, चांगलं आहे. "मूर्ख लोक," तो म्हणाला. "खांब तर तुम्हीच नऊ फूट खाली नेलात." त्याला वाटलं मला बरं वाटेल.

काढून टाकलेला माणूस म्हणून मला कुठेही जाता आलं असतं. पण जाण्यासारखं कुठे काही नाही. डूगलच्या हाताखाली दगड मोजून घ्यायला मी रोज जातो. त्याला चालतं. जमीनदार घोड्यावरून येतात तेव्हा मी खोपटात बसतो.

ऊना काल खोपटाशी आली. आत आली नाही. म्हणाली, "मला लिहिता येत नाही. तुमच्या भावाला लिहा माझ्याकडून." मी वही उघडली. तिने उभ्यानेच सांगितलं आणि मी शब्द न शब्द उतरवला:

"निनियन गिलीस, मी तुला दगड मारला. तू खांदा द्यायला आला होतास आणि मी देऊ दिला नाही. दर रविवारी मी देवाकडे तुझं वाईट मागितलं. ते सगळं त्याने ऐकलं नसावं अशी आशा करते. आता तुझं चांगलं मागते. उशीर झाला, तरी मागते. ऊना, इवन मॅथेसनची."

मग मला म्हणाली, "वाचून दाखवा." मी दाखवलं. "हां, असंच," ती म्हणाली आणि गेली.

मला खोकला झाला आहे. खोपटात ओल फार. तसं काही विशेष नाही.

टॉर्किल


इन्व्हरफारा, २६ ऑगस्ट १८२१

प्रिय निनियन,

तुझं पत्र आलं. बारा वर्षांत पहिलं.

एप्रिलमध्ये लिहिलेलं आहेस, म्हणजे माझी पहिली तीन तुला मिळाली, ऊनाचा निरोप पोहोचायच्या आधी. मी ते नदीकाठी बसून वाचलं. मग पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना ओळ न ओळ पाठ झाली होती.

तू लिहितोस: "टॉर्किल, सगळं स्वतःवर घेऊ नकोस, त्यातलं अर्धं माझं आहे. बांधातलं पाणी उपसल्यावर तळाशी पहिला मी उतरलो होतो. पूर्वेकडच्या कडेला एक फट होती. मी हात घातला. खाली गोटे लागले. मला कळलं की ही धोंड आहे. मी वर येऊन तुला सांगायला हवं होतं. पण तू सगळ्यांसमोर माझं हसं केलं होतंस. मी ती फट चुन्याने बुजवली आणि वर पहिला दगड बसवला. मनात म्हटलं, बसू दे पूल बोटभर खाली, पडू दे कमानीला चीर, कळू दे शहाण्याला खडक कसा बघतात. माणसं मरतील असं डोक्यातच आलं नाही. चौकशीत तू खोटं बोललास तेव्हा मी गप्प बसलो ते तुला वाचवायला नाही. तोंड उघडलं असतं तर हेही बोलावं लागलं असतं. इथे मी धुराडी बांधतो. धुराड्याखाली कोणी मरत नाही. ऊनाला हे सांग. मला ते सांगता येत नाही, तू सांग."

बारा वर्षं मी तुझ्या त्या नजरेचा अर्थ लावत होतो. हा अर्थ माझ्या ध्यानात कधी आला नाही.

तुला वाटत असेल मला हायसं वाटलं. नाही वाटलं. उलट हातातलं शेवटचं काही निसटल्यासारखं झालं. माझ्या मनात या सगळ्यात एक माणूस निर्मळ होता, तो तू. त्याच्यावर मी अन्याय केला, एवढं माझं दुःख सरळ होतं. आता दोघे भाऊ एकमेकांवर रुसून बसले आणि त्यापायी तिघे मेले, एवढंच उरलं. इवनला चार वर्षांची मुलगी होती, ती पुढच्याच हिवाळ्यात गेली, हे तुला माहीत नसेल. फर्गलचं आडनाव काय, हे अजून इथे कोणालाही ठाऊक नाही.

पूल पुरा झाला. गेल्या सोमवारी खुला केला. बँडवाले आले होते. मी वरच्या टेकडीवर होतो. पहिली गुरं गेली, मग जमीनदारांच्या बग्ग्या, मग लोक. दोन्ही कमानींचा ढाचा डूगलने जूनमध्येच काढला होता. केसभरही हलल्या नाहीत. गुरुवारी पूर आला, मधल्या खांबाला पाणी छातीएवढं लागलं. मी दिवसभर काठावर बसून पाहिलं. खांब उभा आहे. तो आपल्यापेक्षा जास्त जगेल.

टपाल मॅकिनिसच्या दुकानात येतं, त्यामुळे तुझं पत्र आल्याचं ऊनाला तासाभरात कळलं. ती पुलाच्या अलीकडे, काठच्या बांधाशी उभी होती. ती अजून पुलावर गेलेली नाही.

"आलं का?" ती म्हणाली.

"आलं."

"बरा आहे?"

"बरा आहे. धुराडी बांधतो. चांगली बांधतो म्हणतात."

"माझं पोहोचलं त्याला?"

"हे त्याने त्याच्या आधी लिहिलंय. तुमचं आता पोहोचलं असेल."

तिने मान हलवली. "मग त्यात माझ्याबद्दल काही नसेल," ती म्हणाली.

पत्र माझ्या कोटाच्या आत होतं. मी म्हणालो, "तुमची आठवण काढली आहे त्याने."

"काय म्हणाला?"

"जास्त काही नाही. त्याला लिहायला जमत नाही."

"तो तसाच होता," ती म्हणाली. "मुका." आणि तिच्या तोंडावर जरासं, अगदी जरासं, हसू आलं. निनियन, बारा वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं. मग ती घरी गेली.

तू सांग म्हणालास, मी सांगितलं नाही. आता तू म्हणशील, टॉर्किल पुन्हा लपवायला लागला. म्हण. मी त्या चर्चमध्ये एकदा उभा राहून तुझ्यावर ठपका ठेवला आणि तो खोटा होता. या वेळचा खरा असेल, पण तुझ्यावर दुसऱ्यांदा बोट दाखवणारा माणूस मी होणार नाही. या कामाला माझं तोंड चालणार नाही. तुझं पत्र मी जाळलेलं नाही, कोणाला दाखवलेलंही नाही. डॉक्टर म्हणतो, हिवाळा जड जाईल. तसं झालं तर ते कोटासकट माझ्याबरोबर कबरीत जाईल, तशी डूगलला सूचना आहे. मग ही गोष्ट जगात फक्त तुला ठाऊक असेल. तेव्हा काय करायचं ते तुझं तू ठरव.

तुला गप्प राहायचं असेल तर राहा. ती तुझ्यासाठी देवाकडे मागते आहे. तिला मागू दे. पण सांगायचंच असेल तर माझ्या हाती निरोप धाडू नकोस. ग्रीनॉकपर्यंत जहाज, तिथून चार दिवसांची वाट. ये, तिच्या अंगणात उभा राहा आणि स्वतः सांग.

तुझा भाऊ,
टॉर्किल